सुतकातली थाप

सन्डान्स या अमेरिकी चित्रपट महोत्सवाचं बक्षीस दोन ओळींत उरका आणि सिनेमा आपल्या सातारा-सांगलीकडच्या माणसाला का लागेल ते लिहा, असं संपादक म्हणाले. तर उरकतो. ‘साबर बोंडं’ हा रोहन परशुराम कानवडे यांचा पहिला मोठा चित्रपट. जानेवारी २०२५मध्ये सन्डान्सला पोचलेला हा पहिला मराठी सिनेमा, आणि परदेशी कथापटांतलं परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिकही त्यालाच मिळालं.

आता घराकडं येऊ. वडील गेल्यावर मुंबईचा आनंद आईबरोबर दहा दिवसांच्या सुतकाला गावी येतो. आपल्याकडं सावडायला जमलेली भावकी राख निवायच्या आत जो विषय काढते, तोच तिथंही निघतो: पोराचं लग्न. आनंदला पुरुष आवडतात. आईला ते ठाऊक आहे, बापालाही होतं. भावकीसाठी मात्र घरानं थाप तयार ठेवलीय, एका पोरीनं दगा दिला म्हणून हा बोहल्यावर चढत नाही.

मी अडकलो तो या थापेत. असल्या पोराला घराबाहेर काढणारे आईबाप पडद्यावर पुष्कळ झाले. त्याच्यासाठी सोयऱ्याधायऱ्यांशी खोटं बोलणारे कुठं दिसतात? जयश्री जगताप यांची आई एकदाही भाषण ठोकत नाही.

कानवडेंचे वडील २०१६मध्ये वारले, तेव्हा त्यांच्यामागंही गावी लग्नाचा असाच लकडा लागला होता. तिथून सटकून भेटावा असा कुणी मित्र असता तर, या विचारातून सिनेमातला बाळ्या आला. तो आनंदसाठी साबर बोंडं, म्हणजे निवडुंगाची फळं, आणतो. माण-खटाव, जत-आटपाडीकडच्यांना त्यांचा लालभडक गर सांगायला नको, आणि बोटात रुतणारी कुसंही.

कॅमेरा बहुतेक वेळ ठाण मांडून असतो, पार्श्वसंगीत नाही. घोर लागतो तो इथं: असला सिनेमा आपल्याकडं पाहणार कोण? सप्टेंबर २०२५मध्ये हा सिनेमा थिएटरात आला तो तेलुगू नट राणा दग्गुबाती यांच्या कंपनीचा हात धरून. मराठी गावातल्या गोष्टीला मराठी धनी का भेटू नये? विटा-वडूजच्या थिएटरवाल्यानं तरी असल्या संथ सिनेमाचा खेळ कुठल्या भरवशावर लावावा? लावला, तरी तिकीट काढताना ओळखीचं कुणी दिसेल म्हणून कितीजण दारातूनच परततील. मग उरतो मोबाईल, तोही रात्री, कानात इयरफोन घालून. आईशेजारी बसून पाहायचा सिनेमा असा चोरून पाहिला जाणार, आणि आईपर्यंत पोचायचा राहणार.