डोळ्यांशीं केलेला करार

मुलगी वयांत आली म्हणजे घरांतील वडीलधारी माणसें तिला पुष्कळ गोष्टी सांगूं लागतात. दिवेलागणीच्या आंत घरीं ये, एकटी जाऊं नकोस, मोठ्यानें हसूं नकोस, अंगभर कपडे घाल. त्याच घरांतला मुलगा वयांत येतो तेव्हां मात्र त्याला बहुधा कोणी कांहींच सांगत नाहीं. पुढें एखाद्या मुलीच्या वाट्याला अपमान आला, तर पहिला प्रश्न तिलाच विचारला जातो: ती तेथें गेलीच कशाला? शील म्हणजे जणूं मुलीनें एकटीनें सांभाळावयाचें कांचेचें भांडें, आणि दगड फेकणाऱ्याला मात्र कसलाच नियम नाहीं, अशी ही व्यवस्था आहे. ख्रिस्ती धर्मग्रंथानें या बाबतींत काय सांगितलें आहे तें पाहण्यासारखें आहे. कारण तेथें पहिला प्रश्न निराळ्याच माणसाला विचारलेला आढळतो.

प्रथम ‘मोह’ म्हणजे काय, हें पाहूं. ख्रिस्तानें शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेंत मोहापासून रक्षणाचें मागणें आहे. मराठी पवित्र शास्त्रांत त्या ठिकाणीं ‘परीक्षा’ हा शब्द योजिला आहे. मूळ ग्रीक शब्द ‘पैरास्मॉस’. त्याचे अर्थ दोन: कसोटी आणि मोह. सोनें कसाला लावलें म्हणून तें हिणकस ठरत नाहीं. त्याचप्रमाणें मनांत मोह उभा राहिला एवढ्यानेंच माणूस पापी ठरत नाहीं. स्वतः येशूची रानांत चाळीस दिवस परीक्षा झाली, असें शुभवर्तमानें सांगतात. याकोबाच्या पत्रांत या गोष्टीचा क्रम मोठ्या मार्मिकपणें दिला आहे. वासना माणसाला ओढते आणि भुलविते. मग ती गरोदर होते. तिच्या पोटीं पाप जन्मास येतें. आणि पाप वाढून पुरतें झालें म्हणजे त्यापासून मरण उपजतें. म्हणजे पहिली ओढ आणि पाप यांच्यामध्यें कांहीं अंतर असतें. तें कधीं कधीं एका क्षणाचेंच असेल; पण माणसाचें सारें स्वातंत्र्य त्या अंतरांत सामावलेलें आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानांत डोंगरावरील प्रवचन आहे. व्यभिचार करूं नये ही मोशेची आज्ञा तेथें जमलेल्या यहुदी श्रोत्यांना लहानपणापासून पाठ होती. येशूनें ती आज्ञा हातापासून डोळ्यापर्यंत आणि डोळ्यापासून अंतःकरणापर्यंत मागें नेली. जो कोणी स्त्रीकडे कामेच्छेनें पाहतो, त्यानें आपल्या मनांत तो अपराध केलाच, असें त्याचें सांगणें. मूळ ग्रीक वाक्याची रचना हेतु दाखविणारी आहे, असें पुष्कळ अभ्यासक मानतात. स्त्री दृष्टीस पडली, तिचें सौंदर्य मनाला जाणवलें, हें पाप नव्हे. इच्छेला खाद्य मिळावें म्हणून डोळा तेथेंच खिळवून ठेवणें हें पाप होय.

याच्या पाठोपाठ, उजवा डोळा पाप करवीत असेल तर तो उपटून टाकावा, असें कठोर बोलणें येतें. तें अक्षरशः घ्यावयाचें नाहीं. इ. स. ३२५ मध्यें भरलेल्या नायसियाच्या परिषदेनें तर आपल्या पहिल्याच नियमानें, निरोगी असतां स्वतःचें अंग छाटून घेणाऱ्यास धर्मसेवकाच्या पदापासून दूर ठेविलें. परंतु या अतिशयोक्तींत एक गोष्ट अगदीं स्पष्ट आहे. काढून टाकावयाचा तो डोळा पाहणाऱ्याचा आहे. स्त्रीनें घराबाहेर पडूं नये, तिनें तोंड झांकावें, असें येशू तेथें सांगत नाहीं. ज्याला मोह झाला, त्यानेंच आपला बंदोबस्त करावा, अशी त्याची शिकवण आहे.

हीच गोष्ट जुन्या करारांतील दोन कथांवरून अधिक स्पष्ट होते. पहिली कथा दावीद राजाची. वसंतऋतु होता, राजांनीं युद्धास निघण्याचा तो काळ. दावीदानें सेनापति यवाब याला सैन्यासह धाडलें आणि स्वतः यरुशलेमांत राहिला. एके दिवशीं सायंकाळीं बिछान्यावरून उठून तो राजवाड्याच्या गच्चीवर फिरूं लागला, तेव्हां एक स्त्री स्नान करतांना त्याच्या दृष्टीस पडली. येथपर्यंत अपराध घडला असें म्हणतां येणार नाहीं. मग त्यानें चौकशी केली. उत्तर आलें, ती एलीयामाची मुलगी व उरीया हित्ती याची बायको बथशेबा आहे. त्या उत्तरांत एक बाप होता, एक नवरा होता, एक घर होतें. राजानें तें ऐकलें आणि तरीही माणसें पाठवून तिला आणविलें. पुढें तें पाप झांकण्यासाठीं त्यानें उरीयाला युद्धाच्या ऐन तोंडाशीं ठेवून मरूं दिलें. एका दृष्टीपासून एका खुनापर्यंतचा हा प्रवास अवघ्या एका अध्यायांत संपतो.

लोकांच्या कल्पनेंत बथशेबाच गच्चीवर स्नानास बसलेली असते. ग्रंथांत गच्चीवर आहे तो राजा. नाथान संदेष्टा राजाकडे आला तेव्हां त्यानें एक दृष्टांत सांगितला. एका श्रीमंताजवळ मेंढरांचे कळप होते. शेजारच्या गरिबाजवळ एकच लहानशी मेंढी होती, ती त्याच्या ताटांतलें खाई व त्याच्या उराशीं निजे. पाहुणा आला तेव्हां श्रीमंतानें आपल्या कळपाला हात न लावतां गरिबाची मेंढी नेऊन कापली. दावीद संतापला, तेव्हां तो माणूस तूंच, असें नाथानानें त्याच्या तोंडावर सांगितलें. या सबंध प्रसंगांत संदेष्टा बथशेबेला दोषाचा एक शब्दही लावीत नाहीं.

दुसरी कथा योसेफाची. हा परदेशांत विकला गेलेला तरुण गुलाम. मिसर देशांत पोटीफर नांवाच्या अधिकाऱ्याच्या घरचा सारा कारभार त्याच्या हातांत होता. येथें मोह घालणारी स्त्री आहे आणि ती धन्याची बायको आहे. स्त्री तेवढी निर्दोष आणि पुरुष तेवढा दुष्ट, असा सोपा हिशेब हा ग्रंथ मांडीत नाहीं, हेंही येथें लक्षांत ठेवावें. ती रोज विनवीत असे, तो रोज नाहीं म्हणत असे. धन्यानें आपल्यावर विश्वास टाकला आहे, त्याचा घात करणें हें देवाविरुद्धही पाप आहे, हें त्याचें कारण. अखेर एके दिवशीं घरांत कोणी नसतां तिनें त्याचें वस्त्र धरलें, तेव्हां तें तिच्या हातीं सोडून तो बाहेर पळाला. त्याबद्दल त्याला बक्षीस मिळालें नाहीं; खोटा आळ आला आणि तुरुंग मिळाला. मात्र ज्याच्या हातीं सर्व सत्ता तो राजा पडला, आणि ज्याच्या हातीं कांहीं नव्हतें तो गुलाम उभा राहिला.

योसेफाचें हें पळणें पुढील ख्रिस्ती उपदेशांत फार महत्त्वाचें ठरलें. इतर संकटांपुढें धीरानें उभें राहा असें सांगणारा पौल करिंथकरांस लिहितांना या पापापासून मात्र पळ काढावयास सांगतो. त्याच पत्रांत त्याचें असेंही आश्वासन आहे, कीं माणसाला सोसणार नाहीं अशी परीक्षा देव येऊं देत नाहीं. परीक्षेबरोबर तो सुटकेची वाटही ठेवितो. मोहाशीं वाद घालीत बसणारा हरतो. कारण त्या वादांत दोन्ही बाजूंचा वकील आपलेंच मन असतें. ईयोबाच्या पुस्तकांत या सावधपणाला एक सुरेख रूप दिलें आहे. आपण आपल्या डोळ्यांशीं करार केला आहे, मग कुमारिकेकडे तसें पाहणें कसें घडेल, असें तो म्हणतो. करार हा मोहाच्या वेळीं करावयाचा नसतो. मन शांत असतां तो आधींच करून ठेवावयाचा असतो.

परंतु नजर वळविणें हें अर्धेंच काम झालें. ज्या माणसानें स्त्रीकडे पाहणेंच टाळलें, तो तिचा सन्मान करतोच असें नाहीं. योहानाच्या शुभवर्तमानांत शास्त्री व परूशी एका स्त्रीला मंदिरांत धरून आणतात. ती व्यभिचार करतांना सांपडली असें त्यांचें म्हणणें. मोशेच्या नियमशास्त्रांत अशा अपराधाला स्त्री व पुरुष या दोघांनाही सारखीच शिक्षा सांगितली आहे. आणली मात्र ती एकटीच! येशू खालीं वांकून बोटानें जमिनीवर लिहीत राहिला. तुमच्यांत जो निष्पाप असेल त्यानें पहिला दगड टाकावा, एवढेंच त्यानें सांगितलें. तेव्हां वडील माणसांपासून एकेक जण निघून गेला. मग त्यानें त्या स्त्रीशीं थेट बोलणें केलें, तिला दंड केला नाहीं, आणि पुन्हां पाप न करण्यास सांगून जाऊं दिलें. पापाला पाप म्हणावयाचें आणि माणसाला माणूस म्हणावयाचें, या दोन्ही गोष्टी त्यानें एकाच वेळीं केल्या.

ही शिकवण ख्रिस्ती मंडळीनें सदैव पाळली, असें मात्र म्हणतां येणार नाहीं. मग्दालीया मरीया ही पुनरुत्थित ख्रिस्ताची पहिली साक्षीदार. ती वेश्या होती असें शुभवर्तमानांत कोठेंही लिहिलेलें नाहीं. तरी इ. स. ५९१ मध्यें पोप पहिले ग्रेगरी यांनीं एका प्रवचनांत तिला लूकाच्या सातव्या अध्यायांतील निनांवी पापिणीशीं एक केलें, आणि पश्चिमेकडील ख्रिस्ती जगांत तो कलंक शतकानुशतकें तिच्या नांवाला चिकटून राहिला.

एकोणिसाव्या शतकांतील इंग्लंडांतही असाच अन्याय कायद्याच्या रूपानें उभा होता. १८६४ पासून केलेल्या सांसर्गिक रोगांच्या कायद्यांनीं लष्करी ठाण्यांच्या व बंदरांच्या गांवीं संशयित स्त्रियांची सक्तीनें वैद्यकीय तपासणी होई. त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषांना कोणी हात लावीत नसे. हिंदुस्थानांतही १८६८ मध्यें असाच कायदा झाला. जोसेफाइन बटलर या धर्मनिष्ठ बाईनें याविरुद्ध झुंज दिली. तेथील कायदे १८८६ मध्यें आणि येथील कायदा १८८८ मध्यें रद्द झाला. याच लढ्याच्या काळांत, १८८३ मध्यें, एलिस हॉपकिन्स नांवाच्या बाईनें डरहॅमचे बिशप लाइटफुट यांच्या साहाय्यानें पुरुषांसाठीं ‘श्वेत क्रूस’ नांवाची चळवळ उभी केली. तींत येणारा पुरुष पांच गोष्टी कबूल करी: सर्व स्त्रियांशीं आदरानें वागावयाचें व त्यांना अपायापासून वांचवावयाचें, अश्लील भाषण व थट्टा बंद पाडावयाची, शुद्धतेचा नियम स्त्री आणि पुरुष या दोघांनाही सारखाच लागू मानावयाचा, हे विचार सोबत्यांत पसरून लहान भावांना साहाय्य करावयाचें, आणि स्वतः शुद्ध राहावयाचें. या पांचांपैकीं तिसरी गोष्ट त्या काळच्या समाजाला सर्वांत जड गेली असेल, यांत नवल नाहीं.

त्याच वर्षीं महाराष्ट्राला सुपरिचित अशा एका विदुषीचें इंग्लंडांत वास्तव्य होतें. पंडिता रमाबाई यांनीं तेथें फुलहॅम येथील भगिनींचें, समाजानें पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना हात देण्याचें कार्य पाहिलें. अशा स्त्रियांची सेवा ही माणसें कां करतात, असें त्यांनीं विचारलें, तेव्हां एका भगिनीनें त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा वाचून दाखविली. विहिरीच्या कांठीं, पांच नवरे झालेल्या, परजातीच्या स्त्रीजवळ पाणी मागून तिच्याशीं ईश्वराच्या उपासनेविषयीं बोलणारा गुरु त्या कथेंत आहे. रमाबाईंनीं १८८३ मध्येंच बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्यें त्यांनीं मुंबईस शारदा सदन काढलें, आणि पुढें केडगांव येथील मुक्ति मिशनांत अशा टाकलेल्या स्त्रियांसाठीं कृपा सदन उघडलें.

मग नजर वळविल्यावर पुढें काय करावयाचें? पौलाच्या नांवें असलेल्या पत्रांत तरुण तीमथ्याला सांगितलें आहे, कीं वयस्क स्त्रियांना आईप्रमाणें आणि तरुण स्त्रियांना बहिणीप्रमाणें, पूर्ण शुद्ध भावानें मानावें. मराठी घरांत हें नवें नाहीं. भाजीवालीला मावशी आणि शेजारणीच्या मुलीला ताई म्हणण्याची रीत आपल्याकडे आहेच. उणीव आहे ती शब्दाप्रमाणें वागण्याची. दावीदाला नांव सांगितलें गेलें आणि तें त्यानें कानांआड केलें. पाहणाऱ्यानें तें नांव, तें नातें, तें घर मनांत धरलें, तर तेथें भोग्य वस्तु उरत नाहीं, माणूस दिसूं लागतें.

आज गच्चीवर जाण्याचीही गरज राहिलेली नाहीं. तळहातावरच्या पडद्यावर रात्रंदिवस चित्रें येतात. त्यांतील स्त्रीला नांव नसतें, बाप नसतो, भाऊ नसतो. म्हणूनच ईयोबाचा करार आज अधिक निकडीचा झाला आहे, आणि तो मुलाला वडिलांनींच समजावून द्यावयास हवा. मुलगी संध्याकाळीं बाहेर निघतांना तिला चार शब्द सांगितले जातील, तर मुलगा निघतांना त्यालाही चार सांगावे: कोणाच्या वाटेंत उभा राहूं नकोस, मित्रांनीं हलकें बोलणें काढलें तर त्यांत हसूं नकोस, मोह दिसला तर तेथून नीघ, आणि समोरची कोणाची तरी मुलगी आहे हें विसरूं नकोस. ज्या घरांत हे शब्द मुलाच्या कानीं पडतील, त्या घरांतील मुलीला पुष्कळशा सूचना देण्याची गरजच उरणार नाहीं.