बॅग भरताना, जुन्या हुबळीत

जुन्या हुबळीतल्या मराठी घरातून मुलगा-सून परदेशी निघाली, की बॅगेत शेंगाचटणी आणि धारवाडी पेढ्यांच्या शेजारी औषधांचा डबाही जातो. बाळगुटीचं सामान, घरी धरलेलं काजळ, ओव्याची पुरचुंडी, तापाच्या गोळ्या, ओळखीच्या वैद्यांचं चूर्ण. पुढे तिकडे बाळंतपण झालं की आजी व्हिडिओ कॉलवर सांगते आणि सून तसं करते. या सल्ल्यातली माया खरी आणि अनुभवही खरा. पण तो इथल्या उन्हात आणि इथल्या पाण्यावर तयार झाला आहे. देश बदलला की त्यातलं काय ठेवायचं नि काय बदलायचं, हे आधी आजीला कळायला हवं. घरात शेवटी तिचंच ऐकतात.

आधी उन्हाचं बघू. हुबळी विषुववृत्तापासून सुमारे १५ अंशांवर, लंडन साडेएकावन्नावर. ब्रिटनमध्ये ऑक्टोबरपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत ऊन पडलं तरी त्यातून कातडीत ड जीवनसत्त्व पुरेसं तयार होत नाही. सावळ्या कातडीला तर उन्हाळ्यातही गोऱ्यांपेक्षा जास्त वेळ ऊन लागतं. १९६० च्या सुमारास ग्लासगोत स्थायिक झालेल्या भारतीय-पाकिस्तानी घरांतल्या मुलांत मुडदूस दिसला, तेव्हा डॉक्टरांचे डोळे उघडले. आता तिथली आरोग्यसेवा आफ्रिकी, कॅरिबियन आणि दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांना वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट, ड जीवनसत्त्व घेण्याचा विचार करायला सांगते. लागोसहून आलेली आई आणि हुबळीहून गेलेली आई, दोघींना सूचना एकच. अंगावर पिणाऱ्या बाळालाही तिथे जन्मापासून थेंब देतात. आजीने ‘एवढ्याशा जिवाला औषध कशाला’ म्हणून ते थांबवू नयेत. तेल लावून मालिश मात्र खुशाल सांगावं.

दुसरी गोष्ट वजनाची, आणि ती आपल्या पुण्यातूनच जगाला कळली. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं, बॉडी मास इंडेक्स २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांत याज्ञिकांच्या गटाने नवजात बाळं तपासली, तेव्हाही हेच दिसलं: वजनाने इंग्लंडच्या बाळांपेक्षा बरीच हलकी, पण चरबी मात्र त्या मानाने राखलेली. म्हणून आपला माणूस दिसायला सडपातळ असूनही त्याला मधुमेह लवकर गाठतो. गोऱ्यांसाठी जास्त वजनाची रेघ २५ वर आहे, आपल्यासाठी ती २३ वर धरतात. अमेरिकेतली मधुमेह संघटनाही आशियाई वंशाच्या लोकांची तपासणी २३ पासूनच करायला सांगते. तिकडच्या डॉक्टरला हे ठाऊक असेलच असं धरू नये. घरात आई-वडिलांना साखर आहे, हे पहिल्याच भेटीत सांगावं. कमरेचा घेर पुरुषाचा ९० आणि बाईचा ८० सेंटिमीटरच्या आत हवा. ज्वारीची भाकरी सुटून पाव-पास्ता सुरू होतो तिथेच गाडी घसरते, असं मला वाटतं; ज्वारीचं पीठ आता भारतीय दुकानांत परदेशीही मिळतं. शाकाहारी घरांनी बी-१२ तपासून घ्यावं. मेटफॉर्मिन चालू असेल तर नक्कीच, कारण त्या गोळीने ते आणखी कमी होतं.

आता डब्याकडे. काजळ आणि सुरम्यात शिसं सापडलेलं आहे, आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूला कायमचं बाधतं. काजळ पाठवूच नये. बाळगुटी मधात उगाळू नये: वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझम हा जीवघेणा आजार होऊ शकतो. हे हुबळीतही तितकंच खरं. चूर्णांबद्दल वैद्यांनी रागावू नये, पण २००४ साली बॉस्टनच्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक औषधं तपासली, त्यांतल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. गर्भार बाईला तर पुडी देऊच नये. तापाला दिली जाणारी निमेसुलाईड अमेरिकेत मंजूरच नाही. दुबई-अबुधाबीला निघालेल्यांनी कोडीन आणि ट्रॅमाडॉल असलेल्या गोळ्यांचे नियम आधी बघावेत. वडीलधारी माणसं सहा महिन्यांसाठी जाणार असतील तर चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्यावं, कंपनीचं नाव तिकडे कुणी ओळखत नाही. इन्सुलिन हातातल्या पिशवीत ठेवावं. विमानाच्या पोटातल्या सामानात ते गोठू शकतं.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते सुट्टीत घरी येण्याकडे. ब्रिटनमध्ये बाहेरून येणारा मलेरिया बहुतांशी पश्चिम आफ्रिकेतला, आणि तो होतो मुख्यतः नातेवाइकांना भेटून परतलेल्यांना. ‘आम्ही तिथलेच’ म्हणून नायजेरियन माणूस गोळ्या घेत नाही, पण बाहेर राहिल्यावर अंगातली जुनी ताकद ओसरलेली असते. आपल्या लोकांचं टायफॉइडच्या बाबतीत नेमकं हेच होतं. १८९८ च्या प्लेगात याच हुबळीत हजारो लोकांनी हाफकिनची लस टोचून घेतली होती. त्यांच्या पतवंडांनी तिकीट काढतानाच टायफॉइडची लस घ्यावी, निघण्याच्या निदान दोन आठवडे आधी. परदेशात जन्मलेल्या नातवंडांना पाणी उकळूनच द्यावं, मग आजोबा काहीही म्हणोत. आणि परत गेल्यावर ताप आला, तर डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगावं: नुकतेच भारतातून आलो आहोत.