सर्वांत मोठा दिवस आणि पेरणीची घाई

२१ जूनला हिंगोलीत पावणेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो आणि सातनंतर मावळतो. दिवस सव्वातेरा तासांहून थोडा मोठा; डिसेंबरात तो जेमतेम अकरा तासांचा असतो. या दिवशी भर दुपारी अंगणात उभे राहिले तर सावली चक्क दक्षिणेकडे पडते, कारण सूर्य हिंगोलीचा माथा ओलांडून उत्तरेला कर्कवृत्तावर गेलेला असतो.

२०१५ पासून हा दिवस योग दिन म्हणून साजरा होतो. शेतकऱ्याच्या हिशेबात मात्र याच सुमारास मृग सरून आर्द्रा लागते. वसमत, औंढा, सेनगाव भागात सोयाबीन-तुरीच्या पेरणीची धांदल असते. इथला खरा उत्सव तोच म्हणायचा.

आयुर्वेदाने दक्षिणायनाच्या आरंभी बळ आणि भूक दोन्ही मंद असतात, म्हणून ताजे, गरम आणि हलके खावे, असे सांगितले. नेमके तेव्हाच शेतात वर्षातले सर्वांत दमवणारे काम असते. त्यात झोप तुटते. मेंदूतले घड्याळ उजेडावर चालते. त्यातील जनुकांचे काम उलगडणाऱ्या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ मध्ये नोबेल मिळाले. दिवस लवकर उजाडतो, पण रात्री अकरापर्यंत मोबाइल सुटत नाही. दोन्हींकडून कात्री लागते ती झोपेलाच. पहाटे उठणाऱ्याने नऊ-साडेनऊला अंथरूण धरावे आणि दुपारची वामकुक्षी आळस समजू नये.

मोठा धोका उघडिपीचा. चार सरी पडल्या की ‘ऊन संपले’ असे वाटते. पारा मेपेक्षा खाली असतो हे खरे, पण हवा दमट झाल्याने घाम वाळत नाही. घाम वाळल्याशिवाय शरीर थंड होत नाही. म्हणून अवजड कामे सकाळी दहाच्या आत आणि चारनंतर करावीत. तहान लागायची वाट न पाहता पाणी प्यावे, मधूनमधून मीठ घातलेले ताक घ्यावे. रक्तदाबाच्या वा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मिठाचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे.

काम करणारा माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला, अंग तापले, तर तो उष्माघात समजावा. अंगावर घाम आहे म्हणून थांबू नये. त्याला सावलीत न्यावे, कपडे सैल करून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. १०८ ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत पाणी ओतणे चालूच ठेवावे.