वळवाच्या दिवसांत बेदाणा शेडवर

पहाटे 5.30
कवठेमहांकाळच्या माळावर एप्रिलमध्ये गार म्हणावा असा वारा याच वेळी मिळतो. पहिलं काम म्हणजे रॅकच्या जाळीत हात घालून माल चाचपायचा. जुन्या लॉटचा मणी सुरकुतलाय, मुठीत घेतला की कोरडा लागायला हवा. आज बोटाला चिकटतोय. रात्रीतून हवेत ओल आली आहे. आर्द्रतेच्या मीटरवर आकडा दिसतोच, पण मणी तो आधी सांगतो.

सकाळी 7
ट्रॅक्टर आला. द्राक्षाची गोडी 22 ब्रिक्सच्या वर असेल तरच बेदाण्याला वजन उतरतं. चार किलो द्राक्षाला साधारण एक किलो. टाकीत 100 लिटर पाण्याला अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डिपिंग ऑइल. क्रेट दोन-चार मिनिटं बुडवून वर काढला की मण्यावरचं मेणचट आवरण सैल होतं आणि आतलं पाणी बाहेर पडायला वाट मिळते. मग घड रॅकवर पसरायचे, एकावर एक येऊ न देता. जतकडच्या बायका हे काम इतक्या चपळाईनं करतात की उभं राहून बघणाऱ्याला लाज वाटावी. "मालक, नुसतं बघू नका, क्रेट उचला," असं त्यांच्यातल्या अक्का म्हणतातही.

सकाळी 8.30
वेधशाळांतून सकाळची नोंद याच वेळी घेतात. आमच्या चहाचीही हीच वेळ. मोबाइलवर अंदाज बघितला: पुढचे चार दिवस कमाल तापमानात 2 ते 3 अंशांनी वाढ, घाटमाथ्यावर आणि लगतच्या भागात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका पाऊस, ताशी 30 ते 40 किलोमीटर वेगानं वारे.

"ऊनबी म्हणत्यात आन् पाऊसबी. दोन्हीकडनं मोकळे," मुकादम तात्या हसले.

मला हे हसणं पटत नाही. ऊन आणि पाऊस ही दोन भाकितं नाहीत, एकच आहे. जमीन तापली की हवा वर उठते. पश्चिमेकडून अरबी समुद्राचा दमट वारा सह्याद्री चढतो, पूर्वेकडून कोरडा तापलेला वारा येतो, आणि दोघांची गाठ जिथं पडते तिथं दुपारनंतर ढग फुगतात. म्हणजे ज्या उन्हावर माझा माल वाळतो, तेच ऊन वळीवही उठवतं. हवामान खात्याच्या बातम्यांत 'वाऱ्यांची खंडितता' असे शब्द येतात, त्यामागं बहुतेक हेच असतं.

दुपारी 1
पारा चाळिशीला टेकलाय. बाहेर उभं राहवत नाही. शेडमध्ये सावली आणि आरपार वारा. बेदाणा उन्हात टाकला तर लवकर वाळेल, पण तांबूस होईल, आणि बाजारात भाव हिरव्याला. म्हणून शेड, म्हणून बारा-पंधरा दिवस. कोरडी हवा ही आमच्या दुष्काळी भागाची एक कमाई म्हणायची. तिकडं महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, इकडं पाचशे-सहाशे. 2016 मध्ये सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात या कोरड्या हवेचा वाटा द्राक्षाइतकाच आहे.

दुपारी 2.30
पश्चिमेला क्षितिजावर पांढरे गड्डे दिसू लागले, फ्लॉवरसारखे. घाट इथून शंभरेक किलोमीटर. ढग ताशी पंचवीस-तीस किलोमीटरनं आपल्याकडं सरकला तरी तीन-चार तास लागतील, आणि पुष्कळदा तो वाटेतच बरसून संपतो. पण संपताना त्याच्या पोटातून गार हवा खाली कोसळते आणि चहूकडं पसरते. ती पुढं घुसून अलीकडची तापलेली हवा उचलते, अन् नवा ढग उभा राहतो. भीती त्या नव्या ढगाची. शिवाय वळीव पश्चिमेकडूनच येईल असा नेम नाही, कधी जतच्या अंगानंही येतो.

दुपारी 4
आता हिशेब. बाजूचे प्लॅस्टिक कागद सोडले की वारा थांबतो. आत मालाचीच वाफ कोंडते, वाळण थांबते, रात्रभर कोंडला तर बुरशी धरायची भीती. नाही सोडले आणि पावसाची झड आत आली, तर पाण्यानं ऑइल धुऊन जातं, मणी काळवंडतो. चांगला माल हलक्या भावात जातो. दोन्हीकडं तोटा, फक्त एक लहान आणि एक मोठा. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे आपल्याच शेडवर नव्हे. पण आपलं शेड सोडून, असंही नव्हे. हा निर्णय पुण्यात बसून अंदाज देणाऱ्या माणसानं घ्यावा अशी अपेक्षाच चुकीची.

पश्चिमेचे आणि दक्षिणेचे कागद सोडायला सांगितले. पूर्व उघडी ठेवली.

संध्याकाळी 5.15
'दामिनी' ॲपनं आसपास वीज पडत असल्याचा इशारा दिला. चमक आणि गडगडाट यांत नऊ-दहा सेकंद, म्हणजे तीन किलोमीटर. शेड सगळं लोखंडी पाइपांचं. "अक्का, काम सोडा, खोलीत चला. लिंबाखाली कुणी थांबायचं नाही." एक रॅक अर्धा भरायचा राहिला म्हणून त्या कुरकुरल्या. माल पुन्हा मिळतो.

मग वारा आला, आधी धुरळा, मागून गारवा. कागद फडाडले, एका बाजूची दोरी सुटली; तात्या धावणार तेवढ्यात मी दंड धरून थांबवलं. दहा-बारा मिनिटं मोठे टपोरे थेंब. पत्र्यावर आवाज एवढा की बोललेलं ऐकू येईना.

संध्याकाळी 6.30
दक्षिणेच्या कडेचे खालचे दोन कप्पे भिजले. तेवढा माल वेगळा काढला. बाकी कागद लगेच वर गुंडाळले, कारण पावसानंतरची दमट हवा पावसाइतकीच वाईट. मोठे पंखे लावले. कडेच्या ओळींवर उद्या सकाळी डिपिंग ऑइलची हलकी फवारणी. तिकडं शेजारच्या गावात थेंबही नाही, असा फोन.

रात्री 9
पुढचा अंदाज तोच: ऊन वाढणार, घाटाकडं गडगडाट. बागायतदार विचारतोय, उद्या तोड घालू का.

"दादा, दोन दिवस थांबा. पहिले दोन दिवस मण्यातलं पाणी भराभर निघायला हवं, तेव्हा कागद सोडावे लागले तर माल जातो. तोवर गोडी काही कमी होत नाही."

"मजूर ठरवलेत ओ."

"त्यांना माझ्याकडं पाठवा. पहिला लॉट झाडायला आलाय."