हवेवाचून चालणारा संसार

निपाणी-संकेश्वरच्या शिवारात गुऱ्हाळे सुरू झाली, की घाण्यातून निघालेला रस लवकर काहिलीत चढवावा लागतो. तो तसाच राहिला तर त्यास आंबूस वास सुटतो, वर फेस येतो आणि गूळ बिघडतो. रस आंबला, एवढेच लोक म्हणतात. परंतु त्या भांड्यात कोट्यवधी सूक्ष्म जीवांचा संसार चाललेला असतो, आणि तोही बहुतांशी प्राणवायूवाचून.

फ्रान्समधील लील गावी 1856 साली एका कारखानदाराची बिटापासून काढलेली दारू बिघडू लागली. त्याने लुई पाश्चर यांस साकडे घातले. त्या शोधातून पुढे कळले, की साखरेचा मद्यार्क करणारे यीस्ट सजीव असून हवा नसतानाही जगते. साखर फोडताना निघणारा हायड्रोजन कोणाच्या तरी पदरात घालावा लागतो. एरवी तो प्राणवायू पत्करतो. तो नसला म्हणजे साखरेच्याच अर्धवट तुकड्यांच्या गळ्यात ते ओझे पडते, आणि त्यांचा मद्यार्क किंवा दुग्धाम्ल बनते. जिवाला यातून मिळकत फारच थोडी. द्राक्षशर्करेच्या एका रेणूपासून प्राणवायूच्या साह्याने पेशीच्या शक्तीचे, म्हणजे एटीपीचे, सुमारे 30 रेणू मिळतात. त्यावाचून अवघे 2! म्हणून यीस्ट साखरेचा अक्षरशः फडशा पाडते. त्याच्या या उधळेपणावरच मळीपासून मद्यार्क काढणाऱ्या आसवन्या चालतात. जी शक्ती त्यास काढता आली नाही, तीच पुढे मोटारीच्या इंजिनात जळते.

बेळगावच्या आनंदवाडी आखाड्यात झुंजणाऱ्या मल्लाच्या स्नायूंतही हाच व्यवहार होतो. निकराच्या क्षणी श्वासाने आणलेला प्राणवायू पुरत नाही. स्नायू साखर अर्धवट फोडतात आणि दुग्धाम्ल साचते. दुसऱ्या दिवशी अंग दुखते ते या आम्लामुळे, हा समज मात्र चुकीचा आहे. ते तासाभरात निघून जाते. हृदय ते इंधन म्हणून वापरते आणि यकृत त्याची पुन्हा साखर करते. दुखणे असते ते स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेचे.

गोबरगॅसच्या टाकीतील जीव याहून कर्मठ. मिथेन वायू निर्माण करणाऱ्या या जीवांना हवा खपतच नाही. काही जीव शेण कुजवून आम्ले करतात, आणि त्यांच्या उष्ट्यावर हे मिथेनजीव पोसतात. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या वसतिगृहात 1897 साली मैल्यापासून असा वायू काढून दिवे लावले होते.

परंतु जेथे हे जीव सुखाने नांदतात, तेथे माणसाचा श्वास चालत नाही. मळीची टाकी, शौचकूप, गोबरगॅसचा खड्डा यांत कर्बद्विप्राणिल वायू तळाशी साचतो. जोडीला हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असता त्यास कुजक्या अंड्यांसारखी घाण येते, परंतु फार झाला म्हणजे तो घ्राणशक्तीच मारतो. वास येत नाही म्हणून धोका नाही, हा तर्क येथे जीवघेणा ठरतो. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीतही गोबरगॅसच्या बाबतीत घातक, कारण मिथेन भडकतो. एक बेशुद्ध पडला म्हणून दुसरा वाचवायला उतरतो आणि तोही वर येत नाही. आत पडलेल्यास काढावयाचे असेल तर आधी अग्निशामक दलास बोलवावे. उतरणाऱ्याने श्वासयंत्र लावून, कमरेस दोर बांधून, आणि तो दोर धरणारी माणसे बाहेर ठेवूनच उतरावे.