मॅच न पाहणाऱ्या माणसाविषयी

१९ नोव्हेंबर २०२३, रविवार. अहमदाबादला विश्वचषकाची अंतिम लढत होती आणि आमच्या सोसायटीत दिवाळीचे उरलेले फटाके पुन्हा बाहेर काढून ठेवले होते. भारताचा डाव २४० धावांत आटोपला, ऑस्ट्रेलियाने सहा गडी राखून सामना जिंकला. रात्री जिन्यात शेजारचे काका भेटले. डोळे ओले होते. म्हणाले, "काय हे झालं?" मी म्हणालो, "काका, मी पाहिली नाही मॅच." ते माझ्याकडे पाहत राहिले आणि काही न बोलता वर गेले. त्यांना मी दुखावलं होतं, आणि ते का, हे कळायला मला बरेच दिवस लागले.

नावड वेगळी, उदासीनता वेगळी

ज्याला क्रिकेट आवडत नाही त्याचं क्रिकेटविषयी काही मत असतं. त्यातला पैसा त्याला खटकतो, किंवा कबड्डी-खोखोकडे दुर्लक्ष होतं म्हणून तो चिडतो. उदासीन माणसाचं तसं नसतं. विकेट गेली काय, षटकार बसला काय, त्याच्या मनापर्यंत ते पोचत नाही. अज्ञानाशी याचा संबंध नाही. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला एलबीडब्ल्यू म्हणजे काय हे न शिकताही समजतं. गल्लीतल्या मॅचमध्ये मीही वर्षानुवर्षं फिल्डिंगला उभा राहिलो आहे. खेळ समजला, पण जीव गुंतला नाही.

'आपण जिंकलो' यातले आपण

रॉबर्ट चाल्डिनी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह १९७६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला की पुढच्या सोमवारी विद्यापीठाचं नाव असलेले कपडे घालून येणारे विद्यार्थी वाढत. जिंकलेल्या सामन्याविषयी बोलताना 'आम्ही'ची भाषा जास्त येई, हरलेल्याविषयी कमी. दुसऱ्याच्या यशाच्या उजेडात उभं राहिलं की माणसाला स्वतः उजळल्यासारखं वाटतं, असा त्याचा अर्थ.

मराठीत ही गोष्ट आणखी पुढे जाते, कारण आपल्याकडे 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. 'आम्ही जिंकलो' यात ऐकणारा बाहेर असतो. 'आपण जिंकलो' यात त्याला धरलेलं असतं. भारताच्या विजयाविषयी बोलताना शेजारी दुसऱ्या शेजाऱ्याला 'आम्ही जिंकलो' म्हणत नाही. तो 'आपण'च म्हणतो. म्हणजे त्याने मला न विचारताच आपल्यात घेतलेलं असतं, आणि तेही प्रेमाने. त्यावर 'मी पाहिली नाही' हे उत्तर त्याला मॅचविषयीचं वाटतच नाही. मी त्या 'आपण'मधून उठून गेलो, असं त्याला वाटतं. काका त्या रात्री दुखावले ते यामुळे, असं मला वाटतं.

गोडी लागते कशी

बहुतेकांना क्रिकेटची गोडी कुणाच्या तरी सोबतीने लागते. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन रेडिओवर ऐकणारे वडील, त्यांच्या मांडीवरचं मूल, अशी ती उतरत जाते. २५ जून १९८३ ला लॉर्ड्सवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताने १८३ धावा करून वेस्ट इंडिजला १४० वर रोखलं, हे सांगणारा माणूस लगेच आपण तेव्हा कुणाच्या घरी होतो तेही सांगतो. २ एप्रिल २०११ च्या वानखेडेवरच्या विश्वचषक विजयाचंही तसंच. अशी सोबत न मिळालेले काही उदासीन राहतात. काहींना सोबत मिळूनही गोडी लागत नाही, जशी गाण्याच्या घरातल्या एखाद्याला गाण्याची लागत नाही.

खटके कुठे उडतात

पहिला खटका देशप्रेमाच्या परीक्षेचा. पाकिस्तानविरुद्धची मॅच न पाहणाऱ्याकडे संशयाने पाहिलं जातं. हे अन्यायाचं आहे आणि ते थांबायला हवं.

दुसरा वेळेचा. दहा संघांच्या आयपीएलमध्ये ७४ सामने होतात. एक सामना साधारण साडेतीन तासांचा धरला तर अडीचशेहून अधिक तास होतात. घरात टीव्ही एकच असेल तर ते तास सगळ्यांचेच जातात. आणि जो मॅच पाहत नाही तो मोकळाच आहे, असं समजून चहा, भजी, दार उघडणं हे सगळं त्याच्यावर येतं. बहुतेक घरांत 'तो' नव्हे, 'ती'. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला, त्या रात्री तरी ती स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बसली असेल, अशी मला आशा आहे.

तिसरा खटका सर्वांत गंभीर, नको असलेले प्रश्न विचारण्याचा. २०१६ च्या दुष्काळात मैदानांसाठी वापरल्या जाणाऱ्या पाण्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा आदेश न्यायालयाने दिला. ४ जून २०२५ ला बेंगळुरूत आयपीएलच्या विजयोत्सवाच्या वेळी चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरीत ११ जणांचा जीव गेला. पाणी कुठून येतंय, गर्दीला बाहेर पडायला वाट आहे का, हे प्रश्न आनंदाच्या भरात सुचत नाहीत. नजर मैदानावर खिळलेली नसते त्याला ते आधी दिसतात. असं काही तो बोलला तर त्याला रडका म्हणून गप्प करू नये.

एका घरात राहताना

उदासीन माणसाने खोटा उत्साह दाखवू नये. तो लगेच ओळखू येतो. पण 'काय वेळ घालवताय' असंही म्हणू नये. काकांना मी नंतर एकदा विचारलं, "तुम्ही पाहिलेली सर्वांत चांगली मॅच कुठली?" ते तासभर बोलले, आणि त्यात निम्मा वेळ त्यांच्या थोरल्या भावाविषयी होता. आता शेवटच्या पाच ओव्हरांना मी त्यांच्याकडे जाऊन बसतो. ते मला स्कोर सांगतात, माझी परीक्षा घेत नाहीत.

चाहत्यांना एकच विनंती. मॅचच्या दिवशीचा चहा आणि भजी मॅच पाहणाऱ्यांनी करावीत. टी-ट्वेंटीत दोन डावांच्या मध्ये वीस मिनिटं मिळतात. तेवढ्यात होतं.