नीरफणस : काढावा कधी, चिरावा कसा?

कोकणात किंवा गोव्यात तुमचे आजोळ असेल, तर नीरफणसाचे काप तुम्ही खाल्लेच असतील. हा फणसाचा भाऊबंद असला, तरी फणसासारखा खोडाला लागत नाही. फांद्यांच्या टोकांशी लागतो. त्याच्या पोटात गरे नसतात आणि बहुधा आठळ्याही नसतात. असतो तो नुसता पांढरा, पिठूळ मगज.

आठळी नाही, मग नवे झाड येते कसे? मुळांना फुटणाऱ्या कोंबांपासून. म्हणूनच १७८९ साली कॅप्टन ब्लाय याला ताहिती बेटावरून ‘बाउंटी’ जहाजात हजारावर जिवंत रोपे भरून घ्यावी लागली. वाटेत खलाशांनी बंड केले आणि रोपे समुद्रात फेकली. दुसऱ्या सफरीत, १७९३ साली, हे झाड वेस्ट इंडीजमध्ये पोहोचले.

आता फळाकडे वळू. कापांसाठी नीरफणस जून हवा, पण पिकलेला नको. हे सालीवरून ओळखता येते. नीरफणस म्हणजे एक फळ नव्हे. शेकडो फुले एकत्र जुळून तो बनतो. सालीवरची प्रत्येक बहुकोनी खूण म्हणजे एकेक फूल. कोवळेपणी या खुणा दाटीने, उंचवट्यासारख्या असतात. फळ भरत गेले की त्या पसरून सपाट होतात, हिरव्या रंगात पिवळट छटा येते आणि सालीवर चिकाचे वाळलेले, तपकिरी थेंब दिसतात. असे फळ देठासकट काढावे. खाली आपटू देऊ नये, कारण ठेचाळलेला भाग लवकर नासतो. मग देठ खाली करून ठेवले की चीक निथळून जातो.

जून फळात पिष्ट भरपूर असते. झाडावरून काढल्यावर विकरे त्या पिष्टाची साखर करू लागतात आणि दोन-तीन दिवसांत फळ मऊ पडते. अशा फळाचे काप तव्यावर मोडतात, आणि साखरेमुळे आतून शिजण्याआधीच बाहेरून करपतात. तेव्हा उद्यावर ढकलू नका. अगदीच थांबायचे असेल, तर फळ पाण्यात बुडवून ठेवतात. हवा कमी मिळाल्याने पिकणे मंदावते.

चिरण्यापूर्वी हाताला आणि विळीच्या पात्याला गोडेतेल लावा. चिकात रबरासारखा पदार्थ असतो. तो पाण्याने धुऊन निघत नाही, पण तेलामुळे चिकटत नाही. साल व मधला टणक गाभा काढून बोटाच्या निम्म्या जाडीचे काप करा आणि लगेच पाण्यात टाका. उघडे राहिले तर हवेतील ऑक्सिजनमुळे ते काळे पडतात. मग निथळून मीठ, हळद, तिखट लावायचे, तांदळाच्या पिठात घोळवायचे आणि मंद आचेवर तळायचे. मगजातलेच पाणी शोषून पिष्टाचे कण फुगतात व काप आतून मऊ होतो. बाहेरचे पीठ कुरकुरीत होते. आच मोठी ठेवलीत तर आत कच्चा राहील.

पिष्टाची साखर होते, हे तपासायचे आहे? जून फळाच्या एका फोडीवर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. गडद निळा-काळा डाग पडेल. पूर्ण पिकलेल्या फोडीवर तो फिकट दिसेल. या फोडी मात्र फेकून द्या, चुकूनही तव्यावर जाऊ देऊ नका.